'ऑरेंज पेको'तला पेको म्हणजे लव

ताई, तुम्ही विचारलंय की टोरांटोहून बहिणीने आणलेल्या चहावर 'ऑरेंज पेको' लिहिलंय पण संत्र्याचा वास अजिबात नाही, मग ही फसवणूक का, आणि पेकोला मराठीत काय म्हणायचं. फसवणूक नाही हो. संत्र्याचा त्यात काही संबंधच नाही, ना फळाचा ना सालीचा. तिकडे कॅनडा-अमेरिकेत साध्या काळ्या चहालाच सर्रास ऑरेंज पेको म्हणतात.

खरी गंमत पेकोमधे आहे. चीनच्या फूच्येन प्रांतातल्या होक्किएन बोलीत 'पेह' म्हणजे पांढरा आणि 'हो' म्हणजे बारीक केस, म्हणजे पेको झाली पांढरी लव! चहाच्या झाडाची टोकाची न उमललेली कळी हातात घेतलीत तर तिच्यावर अशी मऊ रुपेरी लव दिसते, अगदी तान्ह्या बाळाच्या कानावर असते तशी, आणि पान उमलून जून होत गेलं की ती झडते. म्हणजे लव असणं ही कोवळेपणाची खूण, म्हणून ते नाव. मँडरिनमधे हाच शब्द 'बाइहाओ' होतो आणि फूच्येनच्याच 'बाइहाओ यिनचेन' या पांढऱ्या चहात (इंग्रजीत ज्याला सिल्व्हर नीडल म्हणतात) तो अजून जसाच्या तसा आहे, त्यात नुसत्या कळ्याच असतात आणि लव रुपेरीच राहते. काळ्या चहात मात्र पानं वळताना निघालेला रस त्या लवेवर बसतो, हवेने रंगतो आणि ती सोनेरी दिसते, दार्जिलिंग-आसामच्या पाकिटांवरचं 'गोल्डन' आणि 'टिपी' ते हेच. 'फ्लॉवरी'मधेही फुलं नसतात बरं, तीही कळीच.

याच होक्किएन बोलीतला चहासाठीचा 'ते' हा शब्द डचांनी युरोपात नेला आणि त्याचा टी झाला, आपला चहा मात्र चीनमधल्याच 'चा' म्हणणाऱ्या बोलींच्या घराण्यातला.

'ऑरेंज'बद्दल दोन मतं आहेत, एक म्हणजे चहा आणणाऱ्या डचांच्या ऑरेंज राजघराण्यावरून आणि दुसरं म्हणजे पानांच्या तांबूस रंगावरून, मला पहिलं जास्त पटतं पण तो माझा कल झाला.

आता अर्थ कसा सरकला बघा. भारतात आणि श्रीलंकेत ओपी (ऑरेंज पेकोचंच लघुरूप) ही चहाची प्रत झाली, म्हणजे वाळलेला चहा चाळण्यांतून काढला की लांब, वळलेलं, अख्खं पान ते ओपी, तुटलेलं ते बीओपी (ब्रोकन ऑरेंज पेको), त्याखाली फॅनिंग्ज म्हणजे बारीक तुकडे आणि तळाला डस्ट म्हणजे भुकटी. त्यामुळे साध्या ओपीत लव असलेली कळी बऱ्याचदा सापडतही नाही, नाव तेवढं राहिलंय. आणि ही प्रत मुळात आकाराची आहे, चवीची नाही! लोक इथेच फसतात. चव ठरते बाग, हंगाम आणि बनवण्याची पद्धत यावर. दार्जिलिंगचा मार्च-एप्रिलचा फर्स्ट फ्लश, म्हणजे वर्षाची पहिली तोडणी, फिका, ताज्या पालवीसारखा लागतो आणि मे-जूनच्या सेकंड फ्लशमधे, म्हणजे दुसऱ्या तोडणीत, मस्कटेल म्हणजे मस्कट जातीच्या द्राक्षाची आठवण करून देणारा वास येतो, त्यात तुडतुड्यांचा मोठा वाटा आहे, ते कोवळी पानं शोषतात आणि झाड उत्तरादाखल सुगंधी द्रव्यं तयार करतं. पाकिटावर दोन्हीकडे एफटीजीएफओपी (भरपूर सोनेरी कळ्या असलेल्या ऑरेंज पेकोची प्रत) असू शकतं पण कप अगदी वेगळे.

आपल्या घरात येते ती बहुतेक सीटीसी, दाणेदार पत्ती, ती दूध-आलं घालून उकळायलाच छान. अख्ख्या पानाचा चहा मात्र तसा उकळू नका, गॅस बंद करून आधणात तीन-चार मिनिटं झाकून ठेवा.

मराठी शब्द हवाच असेल तर मी 'लवदार चहा' म्हणेन, फक्त तो खरंच कळ्या असलेल्या चहाला. उच्चार पीको आणि पेको दोन्ही चालतात, मी पेकोच म्हणते कारण तो मूळ 'पेह-हो'च्या जवळचा आहे.