घरबसल्या बीजगणित: आधी वही दाखवा

शाळेऐवजी घरून शिकणाऱ्या मुलांचे पालक आता सोलापुरातूनही लिहू लागलेत. पत्रं वेगवेगळी, घोळ एकच: ऑनलाइन कोर्समध्ये पोर पुढं सरकलंय, म्हणजे बीजगणित आलं असं धरायचं का? त्यातले काही प्रश्न आज घेतो.

प्रश्न: मुलगी नववीच्या वयाची. एका अमेरिकन कोर्सचं ‘अल्जेब्रा वन’ संपत आलंय. आपलं नववी-दहावीचं बीजगणित झालं असं समजू का? (जुळे सोलापूर)

उत्तर: नका समजू. तिकडं साधारण एक वर्ष अल्जेब्रा वन, मग भूमिती, मग अल्जेब्रा टू अशी चढण असते. आपल्याकडं बीजगणित आणि भूमिती शेजारी-शेजारी चालतात. रेषीय समीकरणं, बहुपदी, वर्गसमीकरणं तिची झाली असतील तर ते वाया जाणार नाही. पण दहावीच्या गणित भाग १ मध्ये अर्थनियोजन आहे, त्यात जीएसटी आणि शेअर्स. ते अमेरिकेतल्या कोर्समध्ये कुठून येणार? निश्चयकं वापरून क्रेमरची पद्धतही आपल्याकडं दहावीतच आहे. बालभारतीची पुस्तकं संकेतस्थळावर फुकट मिळतात. दोन्ही अनुक्रमणिका समोरासमोर ठेवा, राहिलेल्यावर खुणा करा आणि तो कागद गणिताच्या शिक्षकांना दाखवा. राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून बसवणार असाल तर अभ्यासक्रमच वेगळा, तेव्हा बोर्ड कुठलं ते आधी ठरवा.

प्रश्न: कॅल्क्युलेटर देऊ का?

उत्तर: नाही.

प्रश्न: वैदिक गणिताचा क्लास लावला तर बीजगणित सोपं जातं असं ऐकलंय.

उत्तर: कुणाकडून ऐकलं? पाढे पाठ करून घ्या.

प्रश्न: आमचा यंत्रमागाचा कारखाना, दिवसभर तिकडंच असतो. मुलगा दहावीला बाहेरून बसणार आहे. कोर्सवर त्याला ९२ टक्के दिसतात. शेजारच्या बाईंनी ४० गुणांचा पेपर घेतला तर ११ मिळाले. पेपर अवघड होता का? (अक्कलकोट रोड)

उत्तर: पेपर अवघड नव्हता, ते ९२ टक्के सोपे होते.

मध्यंतरी एक मुलगी आईबरोबर माझ्याकडं आली होती. कोर्समधलं समीकरण होतं: ७ − ३(क्ष − २) = १. स्क्रीनवर तिचं उत्तर ४, हिरवी खूण, टाळ्यांचा आवाज. तेच मी कागदावर दिलं. तिनं लिहिलं ७ − ३क्ष − ६ = १, आणि उत्तर आलं शून्य. कंसाबाहेर उणे होतं; आत −२, म्हणजे गुणल्यावर +६ व्हायला हवं होतं, ते झालं नाही. विचारलं, “अगं, मग तिथं चार कसं आलं?” म्हणाली, “सर, चार पर्याय होते. एकेक घालून बघितला.”

पोरगी हुशारच. किंमत घालून ताळा करणं चांगलीच सवय आहे, पण तिनं समीकरण सोडवलंच नव्हतं आणि कोर्सला ते कळायला मार्ग नव्हता. बोर्डाच्या पेपरात पर्यायवाले प्रश्न मोजकेच. बाकी सगळं पायऱ्या मांडून लिहायचं आणि गुणही पायऱ्यांनाच.

व्हिडिओचंही तसंच. बघताना कळतं, पण कळणं आणि येणं यांत फरक आहे. तुमच्या कारखान्यात नवा माणूस व्हिडिओ बघून तुटलेला धागा सांधायला शिकतो का? तेव्हा आजपासून वही. एका ओळीत एकच पायरी, बरोबरची चिन्हं एकाखाली एक, शेवटी ताळा. चुकलेलं खोडायचं नाही, त्यावर एक तिरकी रेघ मारायची. मला चुकाच बघायच्या असतात. ३क्ष = १२ वरून क्ष = १२ − ३ असं लिहिणारी मुलं दरवर्षी भेटतात. ‘पलीकडं नेलं की चिन्ह बदलतं’ एवढंच कुणीतरी कानात सांगितलेलं असतं. दोन्ही बाजूंना ३ ने भागायचं, हे कुणी सांगितलेलं नसतं.

दर शनिवारी तीन आठवड्यांपूर्वीच्या धड्यातली पाच गणितं पर्याय झाकून करायला लावा. तुम्हाला गणित येत नसलं तरी पायऱ्या आहेत की नुसतं उत्तर, हे दिसेल. आणि महिन्याभराची वही घेऊन त्या बाईंकडंच परत जा. त्यांनी तुमच्यावर उपकार केलेत.

प्रश्न: मुलगी आठवीची. अपूर्णांक आले की रडते. कोर्स मात्र पुढं चाललाय.

उत्तर: कोर्स थांबवा. अपूर्णांक कच्चे असताना पुढचं बीजगणित लादणं म्हणजे छळ आहे. सहावी-सातवीच्या पुस्तकावर परत या, त्यात कमीपणा नाही. घड्याळ वाचणं, सुट्टे पैसे मोजणं यातही अडत असेल तर बालरोगतज्ज्ञ किंवा मानसशास्त्रज्ञांना दाखवा. नातेवाइकांनी चिकटवलेलं ‘मंद’ हे लेबल आधी काढा.

प्रश्न: एका कंपनीचा माणूस घरी आला होता. दोन वर्षांचा कोर्स, टॅब मोफत, आजच सही केली तर मोठी सवलत, हप्ते सोपे. घ्यावा का?

उत्तर: ‘आजच’ म्हणाला ना, मग आज नाही. मोफत टॅबची किंमत फीमध्ये असतेच. तो ‘हप्ता’ पुष्कळदा वित्त कंपनीचं कर्ज असतं. पोरानं महिन्यात कोर्स सोडला तरी ते आपोआप थांबत नाही. परताव्याच्या अटी लेखी मागा आणि सहीआधी जाणत्या माणसाला वाचायला द्या. दीक्षा ॲप आणि खान अकादमी फुकट आहेत. आधी तीन महिने त्यांवर पोर टिकतं का बघा.

प्रश्न: दहावीला बाहेरून बसण्यासाठीचा १७ नंबरचा फॉर्म कधी भरायचा?

उत्तर: तारखा दरवर्षी बोर्ड जाहीर करतं, आपण पुणे विभागीय मंडळात येतो. पावसाळ्यातच जवळच्या माध्यमिक शाळेत मुख्याध्यापकांना भेटा. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या तारखा मला पाठवू नका.

प्रश्न: गड्डा यात्रा झाली की नेटानं बसतो, असं मुलगा म्हणतोय. यंदा दहावी आहे. चालेल का?

उत्तर: यात्रा जानेवारीत, लेखी परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये. मधले दिवस त्यालाच मोजायला सांगा. वजाबाकी आहे, त्याला कोर्स लागत नाही.