"एवढ्याशा जीवासाठी इतकं रडू येतं, हे नॉर्मल आहे का मॅडम?"

मी समुपदेशक आहे, आणि हा प्रश्न मला इंदूरमध्ये इतक्यांदा विचारला गेलाय की आता समोरचा माणूस नुसता चाचरायला लागला तरी अंदाज येतो. कुत्रं गेलं तर लोक निदान "अरेरे" तरी म्हणतात, पण ससा, पोपट, गिनीपिग गेला की हसतात, आणि मग तो माणूस दाराआड रडतो, वर रडल्याची लाज वाटते ती वेगळीच.

तर एका काकांबद्दल सांगते. ओळख पटेल असं सगळं बदललंय, आणि त्यांना विचारूनच लिहितेय. साठीचे, बँकेतून रिटायर, सुदामानगरच्या बाजूला घर. मुलगी नोकरीला पुण्याला गेली आणि तिचा गिनीपिग मागे राहिला. नाव चिवडा, कारण अंगावर पांढरा, काळा, तपकिरी सगळं मिसळलेलं. सुरुवातीला काका पिंजऱ्याकडे बघायचेही नाहीत म्हणे, मग खालचा पेपर बदलता बदलता कधी जीव जडला त्यांनाच कळलं नाही. साडेचार वर्षांचा होऊन गेला. ही जनावरं साधारण पाच ते आठ वर्षं जगतात, म्हणजे काकांच्या हिशेबात अजून बॅलन्स शिल्लक होता.

झालं असं की डिसेंबरातल्या एका शनिवारी त्यानं शिमला मिरची अर्धीच खाल्ली. थंडी आहे, नखरे करतोय, असं वाटलं. रविवारी कोपऱ्यात अंग फुगवून बसला, नेहमीचे डॉक्टर बंद. सोमवारी नेलं तर छातीत इन्फेक्शन, आणि खाणं थांबल्यामुळे पोटही थंडावलेलं. मंगळवारी पहाटे गेला. अंगणात मोगऱ्याच्या बाजूला पुरला. मुलीला सांगायला काकांनी चार दिवस लावले.

माझ्याकडे आले ते काकूंनी ढकलल्यामुळे. काकू सोबत होत्या, आल्या आल्या म्हणाल्या, "यांची आई गेली तेव्हा हे इतके रडले नव्हते हो!" आता इथे कुठलाही समुपदेशक कान टवकारणार, की हे चिवड्याचं नाहीच, आईचं राहिलेलं दुःख आहे वगैरे. मी पण टवकारले. पण प्रत्येक दुःखाच्या मागे दुसरंच मोठं दुःख शोधायची आमच्या धंद्यातली ही खोड मला फारशी आवडत नाही. चिवड्यासाठी रडणारा माणूस चिवड्यासाठीच रडत असू शकतो.

काका एकच वाक्य धरून बसले होते. "मॅडम, मी मारला त्याला."

इथे माझी चूक झाली. मी लगेच समजवायला गेले, की गिनीपिग म्हणजे शिकारी प्राण्यांचं खाद्य असलेली जात, आजार लपवणं रक्तातच असतं, दिसायला लागेपर्यंत बराच वाढलेला असतो. काकांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "म्हणजे मी जास्तच लक्ष द्यायला हवं होतं." झालं, बूमरँग. शोकात माणसाला माहिती दिली की तो तिचाही पुरावा करतो, स्वतःविरुद्ध.

दुसऱ्या भेटीत विचारलं, दिवसातलं सगळ्यात अवघड काय जातं. खूप वेळाने म्हणाले, "फ्रिज." फ्रिजचं दार उघडलं की चिवडा पिंजऱ्यातून शिट्ट्या मारायचा, कोथिंबिरीच्या दांड्या मिळेपर्यंत. आता दार उघडलं की काहीच होत नाही. सकाळचा चहा काका स्वतः करायचे, पण दूध फ्रिजमध्ये, म्हणून चहा करणंच सोडलं.

तिसऱ्या भेटीत मी कागद पुढे केला. म्हटलं, काका, शनिवारचं व्हाऊचर लिहा. फक्त शनिवारी दिसलेलं, शनिवारी माहीत असलेलं, पुढचं काही नाही. बँकेचा माणूस, लगेच सरळ बसले. लिहिलं: सं. 7. मिरची अर्धी. पाणी प्याला. फ्रिज उघडल्यावर शिट्टी वाजवली.

आणि पेन थांबलं. "वाजवली होती की हो त्यानं शिट्टी."

मी विचारलं, "बँकेत असताना सोमवारची एन्ट्री बघून शनिवारच्या क्लार्कला मेमो दिला असता तुम्ही?"

बराच वेळ गेला. बाहेर कचरागाडीचं गाणं वाजून गेलं तरी ते कागदाकडेच बघत होते. मग म्हणाले, "नसता दिला." आणि रडले. पण हे रडणं वेगळं होतं, आधी ते आरोपीसारखे रडायचे.

पुसून झाल्यावर लगेच, "पण रविवारी? रविवारी इकडेतिकडे फोन फिरवता आले असते, महूला व्हेटर्नरी कॉलेज आहे, निदान विचारायचं तरी." मी नाही म्हटलं नाही. हो काका, फिरवता आले असते. ती खंत राहील आणि राहू दे. मी अल्बर्ट एलिस या मानसशास्त्रज्ञाच्या पठडीतली आहे, आमच्याकडे खंत आणि अपराधीपणा यात मोठा फरक करतात. "मी फोन करायला हवा होता" याच्यासोबत जगता येतं, "मी मारला" याच्यासोबत नाही.

मला तेव्हा एक कळलं, ते पुस्तकात असेलही, पण मला काकांकडून कळलं. अपराधीपणा सोयीचा असतो. मी मारला म्हटलं की निदान सगळं माझ्या हातात होतं. इतकं जपूनही तो गेला, हे कबूल करणं त्याहून अवघड. हा व्हाऊचरचा प्रकार मी नंतर आणखी दोघांना दिला, त्यातल्या एक शिक्षिका होत्या, तर त्यांना उत्तरपत्रिका करून, आणि चालला!

ज्यांच्या घरी असं झालंय त्यांच्यासाठी थोडं. घरातल्या लहान मुलांना "झोपला" म्हणू नका, मुलं झोपायला घाबरतात, "मेला" हाच शब्द वापरा. दुसऱ्या दिवशी नवीन पिल्लू आणू नका. पण जोडीतला एक गेला असेल तर उरलेल्याच्या खाण्यावर डोळा ठेवा, गिनीपिग एक दिवस जेवला नाही तरी ती इमर्जन्सी असते. आणि महिना होऊनही तुमची स्वतःची झोप, जेवण रुळावर येत नसेल तर कुणाला तरी भेटा, लाज वाटली तरी.

शेवटच्या भेटीला काकू पण आल्या होत्या. चहा परत सुरू झालाय म्हणाल्या. मी विचारलं, कोथिंबिरीच्या दांड्यांचं काय करता आता?

"हे चटणीत घालायला लावतात सगळ्या," काकू म्हणाल्या, "दातात अडकतात मेल्या."