इंद्रजालच्या अंकावरचं साल धरू नका

मॅन्ड्रेक या जादूगाराच्या चित्रकथेतला त्याचा कृष्णवर्णीय सोबती लोथार, त्याच्यावरून कृष्णवर्णीयांबद्दलचा दृष्टिकोन कसा बदलला हे तुम्हाला दाखवायचंय, आणि त्यासाठी इंद्रजाल कॉमिक्सच्या अंकांची सालं घेतली आहेत. विषय उत्तम, पण आधार कच्चा आहे. इंद्रजालने वर्तमानपत्रांतल्या जुन्या कथाही छापल्या, त्यामुळे अंकावरचं साल त्या विचाराचं साल नसतं. सुरुवातीचा लोथार कातडं पांघरून मोडकंतोडकं इंग्रजी बोलायचा. १९६५ मध्ये फ्रेड फ्रेडरिक्स चित्रकार झाल्यावर त्याची भाषा आणि पेहराव बदलला. मराठी अनुवादावरून मात्र त्याच्या बोलण्याबद्दल काहीही ठरवू नका.

मूळ स्ट्रिपवर, म्हणजे वर्तमानपत्रातल्या चित्रपट्टीवर, साल शोधायचं ते दोन चौकटींच्या मधल्या जागेतल्या बारीक कॉपीराइट ओळीत. तारीख बहुधा वेगळी, कोपऱ्यात असते आणि अमेरिकी पद्धतीने महिना आधी येतो. चार्ल्स शुल्झ यांच्या 'पीनट्स' या स्ट्रिपमध्ये फ्रँकलिन हा कृष्णवर्णीय मुलगा पहिल्यांदा आला ३१ जुलै १९६८ला. त्या प्रसंगाच्या तिसऱ्या स्ट्रिपवरचं '८-२' म्हणजे २ ऑगस्ट. ८ फेब्रुवारी धरलं तर तो मार्टिन ल्यूथर किंगच्या हत्येआधीचा ठरतो आणि सगळा कार्यकारणभाव उलटा होतो. कारण स्ट्रिपमध्ये कृष्णवर्णीय मुलं आणा असं हॅरिएट ग्लिकमन या शिक्षिकेने शुल्झना पत्र लिहिलं ते हत्येनंतर, एप्रिलमध्ये.

आता मायक्रोफिल्म, म्हणजे जुन्या वर्तमानपत्रांच्या पानांचे फिल्मवर घेतलेले बारीक फोटो. एका मोठ्या संग्रहालयाने मला 'संच पूर्ण आहे' असं लेखी कळवलं होतं, पण बांधणीच्या वेळी रविवारच्या पुरवण्या काढून टाकल्या होत्या. विचारलं तर उत्तर, 'त्यात बातम्या नसतात.' समाज काय बघून हसत होता हे ज्या पानावर उरतं, तेच पान फेकायचं! याचा राग अजून जात नाही. म्हणून पैसे भरण्याआधी 'रविवारची पुरवणी बांधलेली आहे का, रंगीत पाहायला मिळेल का' असं नेमकं विचारा. काळ्या-पांढऱ्या फिल्मवर फ्रँकलिनच्या चेहऱ्यावरच्या आडव्यातिडव्या रेषांचा नुसता डाग होऊ शकतो. शिवाय वेताळाच्या (मूळ 'फँटम') रोजच्या आणि रविवारच्या कथा वेगळ्या चालतात, त्या एकाच यादीत मिसळू नका.

एकाच वर्तमानपत्रावरही थांबू नका. १९९३ मध्ये 'फॉर बेटर ऑर फॉर वर्स' या स्ट्रिपमधल्या लॉरेन्स या तरुणाने आपण समलिंगी असल्याचं सांगितलं, तेव्हा काही वृत्तपत्रांनी तो भाग न छापता जुन्या स्ट्रिप लावल्या. माझ्या मते ही गाळलेली जागा छापलेल्या चौकटीपेक्षा जास्त बोलते, आणि ती पुस्तकात कधीच दिसत नाही. निदान दोन शहरांची त्याच तारखेची पानं शेजारी ठेवा. हक्कांचे नियम मात्र प्रत्येक संग्रहालयात वेगळे असतात, फोटो काढण्याआधी तिथेच विचारा.