कचरावेचकांचं ओळखपत्र आणि 'मालकाचं पत्र आणा'

ताई, तुमच्या नगरपरिषदेने वेचक बायकांकडे कार्डासाठी मालकाचं पत्र मागितलंय हे वाचून डोकंच तापलं, आमच्या आईच्या वेळी अगदी हेच झालेलं. अहो मालक असता तर कार्ड कशाला मागितलं असतं! आधार, फोटो वगैरे तुम्ही केलंच असेल, ते सोडते.

आम्हाला सगळ्यात महाग पडलं ते म्हणजे त्या ऑफिसने (नाव घेत नाही) अर्ज ठेवून घेतले पण पोच दिलीच नाही, "बाई विश्वास ठेवा" म्हणे, मग साहेबांची बदली झाली आणि नवीन साहेब म्हणाले असे अर्ज आलेलेच नाहीत. तेवढ्यात घंटागाडीचा ठेका निघाला, ठेकेदाराची माणसं आली, आणि ज्या बिल्डिंगचा कचरा आई वर्षानुवर्षं उचलायची तिथल्याच वॉचमनने तिला गेटवर अडवलं, यादीत नाव दाखव म्हणून. त्यामुळे आवक-जावकचा शिक्का आणि नंबर दुसऱ्या प्रतीवर घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका.

कामाचा पुरावा म्हणून भंगारवाल्याकडून मापाच्या चिठ्ठ्या घ्या, पुठ्ठा किती, पत्रा किती, तारीख टाकून. कच्च्या चिठ्ठ्या चालतात का हा वाद घालतील, घालू देत, सोबत सोसायटीचं पत्र जोडा. आणि अर्जात घनकचरा व्यवस्थापन नियमांचा आधार लिहा. २०१६ च्या नियमांत नियम १५ मध्ये होतं, की वेचकांना ओळखपत्र देणं आणि घरोघरच्या संकलनात सामावून घेणं हे पालिकेचंच काम आहे; पण १ एप्रिल २०२६ पासून त्यांच्या जागी २०२६ चे नवे नियम आलेत, त्यातला नियम शोधून लिहा. मी वकील नाही हं, नियम बदलत असतात, आत्ता लागू असलेली प्रत बघूनच लिहा.

माझं स्पष्ट मत, नुसत्या कार्डावर थांबू नका. पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही वेचकांची संघटना १९९३ ला उभी राहिली, पालिकेच्या मान्यतेची ओळखपत्रं मिळाली, पण २००८ मध्ये 'स्वच्छ' या वेचकांच्याच सहकारी संस्थेचा पालिकेशी करार झाला तेव्हा घरामागे शुल्क आणि सुका माल विकायचा हक्क दोन्ही हातात आले. माल ठेकेदाराचा आणि कार्ड तुमचं, तर पोट कशावर भरणार?

आणि हो, बँकेच्या पासबुकावर नि आधारवर नाव सारखंच आहे ना ते आत्ताच बघा, पुढे पैसे तिथेच अडकतात.

सध्याच्या ठेक्याची मुदत कधी संपतेय तेवढं विचारून इथे टाका, नवीन टेंडर निघायच्या आत अर्ज जायला हवा. मसुदा मी बघून देते.