कोरा चेक आधी परत मागा, घराचं नंतर बघू

नमस्कार ताई,

तुमचा मेल दोनदा वाचला. थोडक्यात तुमचं म्हणणं असं, की तुम्ही अंबाजोगाईला राहता, मुलगी बारावी झालीये, कथकमध्ये विशारद आहे, आता दोन वर्षं पुण्यात राहून एका क्लासमध्ये पूर्णवेळ शिकायचं म्हणतेय, मुलगी येत्या नोव्हेंबरात १८ ची होईल. १४ हजार भाड्याचा वन आरके बघून ठेवलाय, डिपॉझिट ५० हजार, मालक म्हणतात ११ महिन्यांचं नोटरी करू, रजिस्टर कशाला. आणि तुमचा प्रश्न असा की नोटरी चालेल का आणि डिपॉझिट बुडणार तर नाही ना.

घराचं सांगते, पण तुमच्या मेलच्या शेवटी जाता जाता एक ओळ आहे तिने माझी झोप उडवली. क्लासने १० तारखेला एका बाँडवर मुलीची आणि तुमची सही मागितलीये आणि "सिक्युरिटी म्हणून सही केलेला एक कोरा चेक मागच्या आठवड्यात देऊन आलो". ताई, घर आज नाही तर उद्या मिळेल. तो चेक आधी परत आला पाहिजे.

कारण बघा, लोकांना वाटतं की चेकवर रक्कम नाही, तारीख नाही म्हणजे तो नुसता कागद. तसं नाहीये. सही करून कोरा चेक स्वतःहून दिला म्हणजे समोरच्याला तो भरायचा अधिकार दिला असं कायदा धरतो, आणि सुप्रीम कोर्टाने २०१९ मध्ये बीर सिंग विरुद्ध मुकेश कुमार या केसमध्ये म्हटलंय की असा चेक दुसऱ्याने भरला तरी तो देण्याघेण्यापोटीच दिला होता असं आधी गृहीत धरलं जाईल, आणि तसं नव्हतं हे दाखवायचं काम सही करणाऱ्याचं. म्हणजे उद्या मुलीने सहा महिन्यांत क्लास सोडला आणि त्यांनी चेकवर दीड लाख लिहून बँकेत टाकला, तर कलम १३८ ची, म्हणजे चेक बाउन्सची, केस तुमच्यावर, आणि "आम्ही असे पैसे देणं लागतच नव्हतो" हे सिद्ध करत तुम्ही कोर्टाच्या पायऱ्या चढणार. बँकेत स्टॉप पेमेंट दिलं की संपलं असंही नाही, त्या कारणाने परत आलेल्या चेकवरही केस होऊ शकते.

तेव्हा आज रात्रीच क्लासला मेल टाका, फोनवर बोलू नका. साधं लिहा: अमुक नंबरचा, अमुक बँकेचा चेक अमुक तारखेला फक्त सिक्युरिटी म्हणून, रक्कम व तारीख न भरता दिला होता, आज रोजी आमच्याकडे क्लासचं काहीही येणं बाकी नाही, कृपया चेक परत करावा, फी दर महिन्याला ऑनलाइन भरू. भांडणाचा सूर नको. चेक परत मिळाला तर उत्तमच, नाही मिळाला तरी तो मेल पुढे तुमचा सगळ्यात मोठा पुरावा. आणि कधी चेक बाउन्सची नोटीस आलीच तर १५ दिवसांच्या आत वकिलामार्फत उत्तर गेलंच पाहिजे, कपाटात ठेवून देऊ नका.

मला माहितीये तुम्हाला काय वाटतंय. गुरूकडे हिशोबाच्या गोष्टी कशा काढायच्या. पण भीड भिकेची बहीण म्हणतात ते उगाच नाही. आणि खरं सांगू का, जुन्या गुरूंनी कधी कोणाकडून कोरे चेक घेतले नाहीत, परंपरा काढायचीच तर ती दोन्हीकडून काढायची.

आता बाँड. तुम्ही फोटो पाठवलाय त्यात तीन अटी बोचणाऱ्या आहेत. एक, दोन वर्षांत बाहेर कुठेही परवानगीशिवाय कार्यक्रम करायचा नाही. ही अट चालते. शिकत असतानाचं बंधन कोर्टं साधारणपणे मान्य करतात आणि नृत्यात तर गुरूला विचारल्याशिवाय स्टेजवर जात नाहीतच, यावर वाद घालू नका. दोन, शिक्षण संपल्यावर तीन वर्षं पुणे आणि बीड जिल्ह्यात क्लास काढायचा नाही. ही अट कागदावरच राहणार, भारतीय करार कायद्याचं कलम २७ म्हणतं की कोणालाही त्याचा धंदा-व्यवसाय करण्यापासून रोखणारा करार तेवढ्यापुरता रद्दबातल. शिकणं संपल्यावर तुमच्या मुलीने अंबाजोगाईत दहा पोरींना तत्कार शिकवायला घेतला तर तिला कोणी अडवू शकत नाही. तरी ही ओळ खोडूनच घ्या, कारण कायद्याने रद्द असलेली अटही माणसाला घाबरवायला पुरते.

तिसरी अट खरी पैशाची. मधेच सोडलं तर दोन वर्षांची सगळी फी, १ लाख ४० हजार, अधिक १ लाख नुकसानभरपाई. त्याच करार कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे करारात आकडा लिहिला म्हणून तो आकडा आपोआप मिळत नाही, खरोखर झालेल्या नुकसानीला धरून वाजवी तेवढीच भरपाई, आणि लिहिलेला आकडा ही फक्त वरची मर्यादा. वीस मुली असलेल्या क्लासमधून एक गेली तर त्यांचं एक लाखाचं नुकसान नक्की कसं झालं हे त्यांना दाखवावं लागेल.

मुलीच्या सहीबद्दल एक मजेशीर गोष्ट. ती अजून १७ ची आहे आणि अज्ञान, म्हणजे १८ पूर्ण न झालेल्या, व्यक्तीचा करार मुळातूनच शून्य, हे १९०३ पासून ठरलेलं आहे. त्यामुळे १० तारखेची तिची सही तिच्यावर काहीच बांधत नाही. पण तुमची सही बांधते! म्हणूनच त्यांना तुमची हवीये. आणि वाढदिवस झाल्यावर पुन्हा एकदा "जुनाच बाँड आहे, जरा रिन्यू करू" म्हणून कागद तिच्यापुढे येईल, तेव्हा ती एकटीच असेल, तुम्ही तिकडे. तिला आत्ताच सांगून ठेवा की सही करायच्या आधी फोटो काढून आईला पाठवायचा, बस.

पुढे वाद झालाच तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. कॉलेज-विद्यापीठांच्या शिक्षणाला ग्राहक कायदा लागू नाही असे निकाल आहेत, पण कोचिंग क्लासेस त्यात येत नाहीत असं राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २०२० मध्ये म्हटलं, प्रायव्हेट डान्स क्लासबद्दल मी तोच मुद्दा मांडेन. २०१९ च्या कायद्याने तुम्ही जिथे राहता तिथे तक्रार करता येते, म्हणजे बीडला, पुण्याला खेटे नकोत. भरलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर आयोगाची फी नाही आणि दोन वर्षांच्या आत तक्रार करायची. त्यासाठी पावत्या लागतात. तुम्ही टोकन म्हणून २० हजार दिलेत त्याची पावती मेलमध्ये दिसली नाही, ती मागा. पावत्यांचा आणखी एक उपयोग असा की केंद्राच्या सांस्कृतिक मंत्रालयाची तरुण कलाकारांची स्कॉलरशिप आहे, १८ ते २५ वयाला, महिना ५ हजार, दोन वर्षं. तिथे गुरूकडे शिकत असल्याचा कागद लागतो.

आता घर. नोटरी चालेल का? नाही. ११ महिन्यांचं रजिस्टर करावं लागत नाही हा समज इतर राज्यांतला, आपल्याकडे महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ ने लिव्ह अँड लायसन्स, म्हणजे घर भाड्याने राहायला देण्याचा करार, कितीही दिवसांचा असो, लेखी आणि रजिस्टर पाहिजे, आणि जबाबदारी मालकाची. न केल्यास ५ हजारांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद. शिवाय रजिस्टर नसेल तर अटींबद्दल भाडेकरू म्हणेल ते आधी खरं धरतात, म्हणजे तोटा मालकाचाच, हे त्यांना गोड शब्दांत सांगा. सरळ २४ महिन्यांचं करा. खर्च बघा: २४ महिन्यांचं भाडं ३ लाख ३६ हजार, डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के धरून दोन वर्षांचे १० हजार, या बेरजेवर पाव टक्का स्टँप ड्युटी म्हणजे ९०० च्या आसपास, आणि रजिस्ट्रेशन १ हजार. एजंट घरी येऊन थंब घेतात, ते त्यांचे पैसे वेगळे घेतात.

करार तुमच्या नावावर, राहणारी म्हणून मुलीचं नाव. लॉक-इन, म्हणजे अमुक महिने घर सोडायचं नाही अशी अट, घालू देऊ नका, एक महिन्याच्या नोटिशीवर सोडता आलं पाहिजे, डिपॉझिट किल्ली देतानाच ऑनलाइन परत, आणि पोलीस व्हेरिफिकेशन मालकाने करायचं. भिंतींचे, नळांचे, दाराच्या कड्यांचे फोटो पहिल्याच दिवशी काढून मालकाला व्हॉट्सअ‍ॅप करा.

आणि कोणी लिहीत नाही ती अट: रियाज. माझ्याकडे मागे एक मुलगी आली होती, तिसऱ्या मजल्यावर राहायची, पायात दीडशे-दीडशे घुंगरू, मोबाईलवर लहरा (नाचाच्या तालासाठी फिरत राहणारी धून) लावून पहाटे साडेपाचला सुरू. खालच्या काकांच्या पंख्याची दांडी थरथरायची म्हणे, ते अक्षरशः पंख्याचा व्हिडिओ घेऊन मालकाकडे गेले. मालकाने "शेजाऱ्यांना उपद्रव" या कलमावर बोट ठेवून महिन्यात घर रिकामं करायला लावलं, आणि करारात रियाजचा शब्द नसल्याने माझ्या हातात फारसं काही नव्हतं. रात्री १० ते सकाळी ६ ही ध्वनी नियमांतली रात्र, त्या वेळात कोणी तक्रार केली तर तुमची बाजू लंगडी. म्हणून लिहून घ्या की "राहणारी व्यक्ती नृत्याची विद्यार्थिनी असून सकाळी ७ ते ९ व संध्याकाळी ५ ते ७ घरात सराव करेल, याची मालकांना कल्पना आहे". शक्यतो तळमजला बघा. आणि घरात शिकवण्या घ्यायच्या नाहीत, तिथे "फक्त राहण्यासाठी" ही अट आडवी येते.

पुण्यात वकील परवडत नसेल तर शिवाजीनगर कोर्टात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, बायकांना तिथे उत्पन्नाची अट नाही, वकील फुकट मिळतो.

१० तारखेसाठी रात्रीच्या ट्रॅव्हल्सने याल तर सकाळी थेट क्लासला जाऊन सही करू नका. बाँडवर पेनने दुसरी अट खोडून, तिसरी दुरुस्त करून, शेजारी दोन्ही बाजूंच्या सह्या हव्यात, तोवर "घरी वाचून देते" म्हणून कॉपी बाहेर आणा आणि मला पाठवा. चेक परत मिळाला का तेही त्यातच कळवा.