लष्कराच्या भाकऱ्या? भाजू द्या की तिला!

न्यू जर्सीतल्या एडिसनहून एका आईचं पत्र आलंय. मुलगी १३ वर्षांची, आठव्या ग्रेडला. मैत्रिणीबरोबर सिव्हिल एअर पॅट्रोल या विमानातून शोधकार्य करणाऱ्या व्हॉलंटिअर संस्थेच्या मीटिंगला जाऊन आली आणि आता जॉइन करायचंच म्हणून हट्ट धरून बसलीये, पुढे पायलट व्हायचंय म्हणते. बाबांचं म्हणणं असं की आठवड्यातली एक संध्याकाळ घालवून या लष्कराच्या भाकऱ्या कशाला भाजायच्या, त्यापेक्षा मॅथचा क्लास लावू, आणि उद्या हिला आर्मीत ओढलं तर? आईचं स्वतःचं बालपण ओझरला एचएएलच्या, म्हणजे विमान कारखान्याच्या, कॉलनीत गेलंय, त्यामुळे मन लेकीकडे आहे, पण घरात काय सांगायचं ते कळत नाहीये.

ताई, नमस्कार. पत्र दोनदा वाचलं. आधी कागदांचं बोलते कारण आपल्या लोकांचं तिथेच अडतं. मेंबर व्हायला साधारणपणे अमेरिकेचं नागरिकत्व किंवा ग्रीन कार्ड लागतं. तुम्ही ते काही लिहिलेलं नाही. मुलगी एच-फोरवर, म्हणजे आईबाबांच्या नोकरीच्या व्हिसाला जोडलेल्या व्हिसावर असेल तर युनिफॉर्मची स्वप्नं रंगवायच्या आधी स्क्वाड्रनमध्ये, म्हणजे संस्थेच्या स्थानिक तुकडीत, स्पष्ट विचारून घ्या, नाहीतर पोरीचा फार हिरमोड होतो, मी पाहिलाय.

आता बाबांची भीती. ही संस्था अमेरिकन एअर फोर्सची अधिकृत सहाय्यक आहे हे खरं, १९४८ पासून, पण ती आहे नागरिकांची, व्हॉलंटिअर लोकांची. कॅडेटवर, म्हणजे तिथल्या मुलामुलींवर, सैन्यात जायची कसलीही सक्ती नाही, बाँड नाही, काही नाही. उलट पुढे तिला स्वतःलाच एअर फोर्समध्ये भरती व्हावंसं वाटलं आणि तोवर तिने कॅडेट प्रोग्रॅममधलं बिली मिचेल अवॉर्ड मिळवलेलं असेल तर वरच्या रँकवर सुरुवात होते, एवढाच काय तो संबंध. बाबा कॉलेजात एनसीसीत होते असं तुम्ही लिहिलंय ना, मग त्यांना म्हणावं परेड, रँक, कॅम्प हे सगळं तुमच्या ओळखीचंच आहे, फक्त इथे त्याच्या जोडीला खरं शोधकार्य चालतं.

ते काम काय असतं ते नीट सांगते, कारण भाकऱ्या कोणासाठी भाजल्या जातात ते कळलं पाहिजे. प्रत्येक राज्याची एक विंग, शिवाय वॉशिंग्टन डीसी आणि पोर्तो रिको, अशा एकूण ५२. ताफ्यात ५०० च्या वर विमानं, बहुतेक सेसना, एका इंजिनाची. एखादं छोटं विमान बेपत्ता झालं किंवा डोंगरात माणूस हरवला की फ्लोरिडातल्या टिंडल बेसवरच्या एअर फोर्सच्या केंद्रातून विंगला फोन येतो आणि कुणी शिक्षक, कुणी अकाउंटंट, कुणी रिटायर्ड माणूस हातातलं काम टाकून विमानतळावर हजर होतो. सेसनाचे पंख छताच्या वर असतात त्यामुळे खालची जमीन मोकळी दिसते, मागच्या सीटवरचा स्कॅनर, म्हणजे खाली नजर लावून शोधणारा माणूस, अक्षरशः डोळ्यात तेल घालून एकेक पट्टा बघत जातो. सँडी वादळ आठवत असेल तुम्हाला, २०१२ चं. तेव्हा किनाऱ्याचं किती नुकसान झालंय ते सरकारला कळावं म्हणून वरून फोटो काढत फिरत होती ती हीच मंडळी.

आणि हे तुमच्याच राज्यातून सुरू झालंय बरं का. न्यू जर्सीच्या विमान खात्याचे प्रमुख गिल रॉब विल्सन यांनी ही कल्पना लावून धरली, १ डिसेंबर १९४१ ला संस्था उभी राहिली आणि सहाच दिवसांनी पर्ल हार्बरवर हल्ला होऊन अमेरिका दुसऱ्या महायुद्धात उतरली. जर्मन पाणबुड्या किनाऱ्याजवळ येऊन तेलाची जहाजं बुडवत होत्या तेव्हा या लोकांनी स्वतःची छोटी विमानं समुद्रावर नेली, पहिला तळ अटलांटिक सिटीला. दीड वर्षात १७३ पाणबुड्या दिसल्याची नोंद आहे.

तुमच्या लेकीला मात्र लगेच शोधविमानात बसवणार नाहीत, स्कॅनर व्हायला १८ पूर्ण लागतात, हे तिला आत्ताच सांगा. तोवर ग्राउंड टीम, नकाशा, रेडिओ, आणि ओरिएंटेशन फ्लाइट्स, म्हणजे उडण्याची ओळख करून देणाऱ्या फेऱ्या. १८ च्या आत पाच विमानाच्या आणि पाच ग्लायडरच्या, म्हणजे बिनइंजिनाच्या विमानाच्या, फुकट. अशा एका सकाळी मी विमानतळावर उभी होते. पायलटने पंखाखालून बारक्या पारदर्शक नळीत थोडं पेट्रोल काढलं आणि एका कॅडेटच्या हातात दिलं, म्हणाला उजेडात धर आणि सांग. निळं पेट्रोल, आणि तळाशी पाणी असेल तर वेगळा थेंब दिसतो. पोरगी डोळे बारीक करून बघत राहिली, मग म्हणाली क्लिअर, आणि पायलट नुसत्या तिच्या शब्दावर विसंबला नाही, त्याने स्वतःही बघितलं. पण आधी तिला विचारलं. ताई, तेरा वर्षांच्या मुलीला कोण विचारतं हो असं?

पायलट होण्याचा हिशोब वेगळा ठेवा. इथे विमान शिकवतात असं समजून पाठवू नका. एफएएच्या, म्हणजे अमेरिकेच्या विमान वाहतूक खात्याच्या, नियमाने ग्लायडर १४ व्या वर्षी आणि विमान १६ व्या वर्षी एकट्याने उडवता येतं, प्रायव्हेट लायसन्स १७ ला, त्यासाठी कमीत कमी ४० तास, प्रत्यक्षात जास्तच लागतात. एअरलाइनसाठी साधारण १५०० तास, एव्हिएशनची डिग्री असेल तर थोडे कमी. हे सगळं खर्चिक आहे. संस्थेकडे कॅडेट्ससाठी फ्लाइंगच्या स्कॉलरशिप आहेत पण त्या टिकून राहणाऱ्यांना मिळतात, मिचेलपर्यंत पोचायलाच दीड-दोन वर्षं जातात, परीक्षा, फिटनेस आणि आठवडाभराचा कॅम्प धरून. कॉलेजच्या अर्जावर एक ओळ वाढावी एवढ्यासाठीच घालणार असाल तर राहू द्या, खरंच राहू द्या. तिला मनापासून हवंय म्हणून मी हो म्हणतेय.

मॅथचं म्हणाल तर वाऱ्याचा वेग धरून दिशा काढायला बसली की त्रिकोणमिती आपोआप गोड लागते. क्लास शनिवारी लावा.

सुरक्षेचंही विचारलंय तुम्ही. मोठ्या मेंबर्सची बोटांचे ठसे घेऊन तपासणी होते आणि कॅडेट्सबरोबर एकटा मोठा माणूस ठेवत नाहीत, दोघं तरी लागतात. तरीपण पहिल्या दोन-तीन मीटिंगना तुम्ही स्वतः मागच्या खुर्चीवर बसा. बाबांनाही न्या. मोठ्यांनाही मेंबर होता येतं, पायलट असायची गरज नाही, रेडिओवर, हिशोबाला, नियोजनाला माणसं लागतातच, आणि ओझरला विमानांच्या आवाजात वाढलेल्या बाईला तर मी म्हणेन, लेकीबरोबर एक फॉर्म तुमचाही घेऊन या.