लेस्टरच्या सामुदायिक गोधडीत मराठी घराचा चौकोन कसा असावा: पैठणी, वारली की शनिवारवाडा?

तिन्ही नकोत.

तुम्ही लिहिलंय की लेस्टरमध्ये भारत, पाकिस्तान, बांगलादेश, श्रीलंका इथून आलेल्या घरांच्या आठवणींची एक मोठी गोधडी होणार आहे. प्रत्येक घराने बारा इंची एक चौकोन द्यायचा, आणि पुण्याहून तुमच्या आई जुन्या साड्या पाठवायला तयार आहेत. तुमच्या ग्रुपने पैठणीचा मोर, वारलीचा तारपा आणि शनिवारवाड्याचा दरवाजा असे तीन पर्याय काढलेत. यातली एकही गोष्ट तुमच्या घराची आठवण नाही. पैठणीचा मोर लक्ष्मी रोडवर वारावर मिळतो. वारली चित्रं डहाणू-पालघरकडच्या वारली घरांची आहेत, ती तुमच्या आजीने कधी भिंतीवर काढली नसतील तर त्यांना हात लावू नका. शनिवारवाड्यात तर तुम्ही शाळेच्या सहलीला गेला असाल, तेवढंच.

हे इतकं ठासून लिहितेय कारण आमच्या घरात यावरून झालेला वाद अजून मिटलेला नाही.

आमचं घर नारायण पेठेत, नदीच्या अंगाला. 12 जुलै 1961 ला पानशेतचं धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासल्याचं गेलं, तेव्हा मी पहिलीत होते. आईने आम्हा दोघांना हाताला धरून मावशीकडे नेलं. अंगावरच्या कपड्यांनिशी निघालो. पाणी ओसरल्यावर घरी आलो तर खालच्या खोलीत गुडघाभर गाळ आणि आईची ट्रंक उलटी पडलेली. आत तिची जांभळी इरकल होती, नऊवारी, गोमी काठाची, लाल टोपपदराची. तिच्या आईने लग्नात दिलेली. धरणच वाहून गेल्यामुळे पुण्याचे नळ कोरडे पडले होते. लोक आडा-हौदांवर रांगा लावत होते, प्यायच्या पाण्याची मारामार होती, तिथे साड्या कोण धुणार? गाळ घडीतच वाळला. पुढे केव्हातरी साडी धुतली तेव्हा डाग बसलेला होता तो बसलाच. पदराकडच्या घडीवर गडद तपकिरी, तळहाताएवढा. पुढच्या घडीवर तोच डाग, तसाच आकार, जरा फिका. त्यापुढे आणखी फिका. साडी पसरली की तो डाग असा ओळीने विरत गेलेला दिसायचा.

आई ती साडी पुन्हा नेसली नाही आणि तिने ती बोहारणीलाही घातली नाही.

दादा 70 च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेला गेला. 1965 च्या कायद्याने तिथला जुना, मूळ देश बघून माणसं मोजून घेणारा कोटा उठला आणि आपल्याकडच्या इंजिनियर-डॉक्टरांना वाट मोकळी झाली. त्या लाटेत सदाशिव-नारायणातली कितीतरी घरं रिकामी झाली. त्याची निळी एरोग्राम यायची. आई ती दोनदा वाचायची, एकदा मनात, एकदा मोठ्याने, आणि मग त्या इरकलीच्या घडीत ठेवायची. एका घडीत एका वर्षाची पत्रं. मी एकदा विचारलं, एवढा डबा असताना यात का? म्हणाली, "ही पाण्यातनं परत आलीय. हिच्यात ठेवलेलं परत येतं."

दादा परत आला नाही. सुट्टीला यायचा, तेवढाच.

आईचं वर्षश्राद्ध झालं आणि त्याच मुक्कामात वहिनीने साड्या मागितल्या. त्यांच्या गावच्या मराठी मंडळाने स्थलांतरितांच्या आठवणींचा कार्यक्रम घेतला होता, जुन्या कापडांतून भिंतीवर लावायचं एक मोठं काम करायचं होतं. मी हौसेने कपाट उघडलं. तिला इरकलीचा काठ आवडला. मी तिला पलंगावर साडी पसरून डाग दाखवला, पूर सांगितला, पत्रांचं सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं, पत्रं काढून एका प्लास्टिकच्या पिशवीत घालून माझ्या हातात दिली आणि साडी बॅगेत ठेवली.

पुढे व्हॉट्सॲपवर फोटो आला. काठ कापून चौकट केलेली, मधोमध टोपपदराचा लाल तुकडा, वर आरसे शिवलेले. डाग कुठेच नाही. मी फोटो मोठा करकरून पाहिला. शेजारी इंग्रजीत पाटी होती: पारंपरिक हातमागाची साडी, महाराष्ट्र. आईचं नाव नाही, पुणं नाही, पूर नाही. शिवाय इरकल बागलकोट जिल्ह्यातल्या इलकलची. विणली कर्नाटकात, नेसली आमच्या सगळ्या बायकांनी. पाटीवर तेवढंही धड नव्हतं.

मी त्याच रात्री फोन केला. दादा म्हणाला, "अगं, लोक हौसेने बघायला येतात, त्यांना चिखल काय दाखवायचा? आणि पानशेतचा आमच्या अमेरिकेला जाण्याशी काय संबंध?" डागाचा भाग कुठे आहे, विचारलं. कापताना उरलेल्या चिंध्यांबरोबर गेला होता.

संबंध हा होता की तो गेल्यानंतर या घरात काय झालं ते त्या साडीवर लिहिलेलं होतं. पूर दादानेही पाहिला होता. पण ती पत्रं घडीत कशी जायची हे बघायला तो इथे नव्हताच. ट्रंक कॉल बुक करून दिवसभर शेजारच्या काकांच्या फोनपाशी बसलेली आई त्याने कधी पाहिली नाही, कारण तो तारेच्या दुसऱ्या टोकाला होता. परदेशातल्या अशा सगळ्या उपक्रमांवर माझा हाच राग आहे. तिथे गेलेली माणसं बोलतात. त्यांची बॅग, त्यांचा पहिला हिवाळा, त्यांनी पहिल्यांदा शोधलेली हिंगाची डबी. मागे राहिलेल्यांना कोणी विचारत नाही, आणि त्यांच्या घरातलं कापड मात्र न्यायचं असतं.

दादाचा ठरलेला मुद्दा म्हणजे पुण्यातलं राजा दिनकर केळकर संग्रहालय. म्हणतो, तिथे इतके दिवे, इतके अडकित्ते आहेत, एकावर तरी बाईचं नाव आहे का? म्हणून काय ते संग्रहालय वाईट? वाईट कशाला, मी आजही पाहुण्यांना तिथे नेते. पण दिनकर केळकरांनी त्या वस्तू गावोगाव फिरून, जुन्या बाजारांतून जमवल्या. अडकित्ता कुणाच्या हातातला हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसायचं. आणि ज्या एका माणसाचं नाव त्यांना ठाऊक होतं, त्या लहानपणी गेलेल्या मुलाचं, राजाचं, ते त्यांनी अख्ख्या संग्रहालयाला दिलं. दादाला तर साडी कुणाची हे ठाऊक होतं. त्याच्या आईची.

नावं कशी ठेवतात ते बघायचं असेल तर पुण्यातच झालेलं काम बघा. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी खेडोपाडी जाऊन जात्यावरच्या ओव्या जमवल्या, एक लाखाहून जास्त. आता त्या पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडियाच्या संकेतस्थळावर आहेत. तिथे ओवी कोणी गायली, ती बाई कोणत्या गावची, हे ओवीबरोबर लिहिलेलं आहे. दळण दळताना गायलेल्या दोन ओळींना नाव मिळतं, तर नऊ वार साडीला का मिळू नये? अमेरिकेतच 1987 साली वॉशिंग्टनच्या मैदानावर एड्सने गेलेल्या लोकांची गोधडी अंथरली होती, 1,920 तुकड्यांची. तुकड्यांवर गेलेल्यांची नावं होती, घरच्यांनी आणि मित्रांनी शिवलेली. हे मी दादाला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, ते वेगळं, ते दुःखाचं होतं. आमच्या आईचं काय सुखाचं होतं?

आता तुमच्या लेस्टरचं. तुमच्या चौकोनाच्या आजूबाजूला युगांडाहून आलेल्या भारतीय वंशाच्या घरांचे चौकोन असणारच. 1972 च्या ऑगस्टमध्ये तिथल्या हुकूमशहाने, इदी अमीनने, त्यांना 90 दिवसांत देश सोडायला लावला. सुमारे 28,000 माणसं ब्रिटनमध्ये आली, आणि तुमच्या नगरपालिकेने तर कंपालाच्या वर्तमानपत्रात जाहिरात दिली होती की लेस्टरला येऊ नका. त्या घरांनी एका बॅगेत काय आणलं याला वजन आहे. तुम्ही-आम्ही तसे गेलो नाही. आपली माणसं नोकरीचं पत्र आणि परतीच्या बाता घेऊन गेली, विमानतळावर हार घालून घेऊन गेली. त्यामुळे चौकोनावर बोट, लाटा, तुटलेलं घर असलं काही काढू नका, ते त्यांचं आहे. आपल्याकडे सांगण्यासारखं आहे ते इथल्या टोकाचं: दर रविवारी फोनची वाट बघणारं घर, मुलाची खोली तशीच ठेवलेलं घर, साठवून ठेवलेलं मेतकूट कुणी नेणारं भेटेपर्यंत दोनदा दळणारं घर.

म्हणून साड्या मागवण्याआधी आईंना एवढंच विचारा की मी गेल्यावर तू काय जपून ठेवलंस? साडी निघेलच असं नाही. भाजणीचं प्रमाण लिहिलेला कागद निघेल, तुमच्या शाळेच्या गणवेशाची पट्टी निघेल. त्यांच्या अक्षरातल्या दोन ओळी कार्बनने कापडावर उतरवून धावदोऱ्याने शिवल्या तरी तो चौकोन पैठणीच्या मोरापेक्षा कितीतरी चांगला होईल. आणि त्यांनी साडी दिलीच तर कुठला भाग कापायचा ते त्यांना ठरवू द्या. व्हिडिओ कॉलवर साडी पसरा आणि बोट ठेवून विचारा. विरलेला, रफू केलेला, हळद सांडलेला भाग त्यांनी दाखवला तर तोच घ्या.

पाटी आयोजकांवर सोडू नका. स्वतः लिहून द्या, आधी मराठीत, खाली इंग्रजीत: साडी कुणाची, कधीची, कुठल्या पेठेतली, टाके कुणाचे. शिवायला कुणाला पैसे देऊन बसवलंत तर त्या बाईंचंही नाव. "पारंपरिक" हा शब्द कुणी घातलाच तर खोडून टाका.

वहिनीबद्दल मात्र कुणी वाकडं घेऊ नये. तिने तिकडच्या बर्फात दर रविवारी मुलांना गोळा करून मराठी शिकवलंय, आईच्या शेवटच्या आजारात ती इथे येऊन राहिली होती. तिच्या मंडळाचाही नियम असणार की डागाळलेलं कापड भिंतीवर नको, जुन्या कापडात कसर असते म्हणून तो चुकीचाही नाही. ती साडी मी दिली नसती तर ती कपाटात विरली असती, हे दादाचं म्हणणं मला मान्य आहे. आणि तुमच्या घरात सांगण्यासारखं काहीच नसेल, नुसता मोर आवडत असेल, तर मोर शिवा, फक्त खाली तुमचं नाव घाला. पण आमच्या आईचं नाव त्या पाटीवर अजून नाही, आणि ते येईपर्यंत मी दर फोनला विचारणार आहे.

शिवायचं म्हणाल तर जुनं रेशीम घडीवर फाटतं, त्याला आधी मलमलचं अस्तर लावा. इरकलीचा किंवा कुठलाही लाल पदर असेल तर तो पाण्यात वेगळा भिजवून रंग जातो का बघा, नाहीतर शेजारच्या घराचा चौकोन लाल होईल. मांजरपाट धुऊन, वाळवून मगच कापा, आटतो. बारा इंच म्हणजे शिवणीचा दाब धरून की सोडून, हे आयोजकांकडून लेखी घ्या.